सिंधू संस्कृतीच्या पाषाणमुद्रा आणि त्यांची साक्ष

मोहेंजोदडो येथे सापडलेल्या एका चौरस दगडी मुद्रेवर आसनस्थ पुरुषाची आकृती कोरलेली आहे. ही आकृती ध्यानस्थ बुद्धाची आहे काय, पिंपळपानांच्या कमानीत उभी असलेली दुसऱ्या मुद्रेवरील आकृती आणि तिच्याखालील सात व्यक्ती म्हणजे सात बुद्धांची परंपरा आहे काय, असे प्रश्न धम्मवर्गांतून उपासक आम्हास नेहमी विचारतात. या प्रश्नांमागील ओढ आम्ही जाणतो. ज्यांचा इतिहास पिढ्यानपिढ्या इतरांनीच लिहिला, त्यांना आपली मुळे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीत सापडावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि 'होय' म्हणण्यापूर्वी मुद्रा ही वस्तू मुळात काय आहे, ती कशी घडवीत आणि कोणत्या कामी लावीत, याचा विचार झाला पाहिजे. चित्राचा अर्थ त्यानंतर.

मुद्रा आणि ठसा या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. मुद्रा ही कोरलेली वस्तू. ती ओल्या मातीवर दाबली म्हणजे जी उमटते ती छाप म्हणजे ठसा. मुद्रा मालकाजवळ राहते, ठसा मालाबरोबर जातो. मातीच्या भांड्याचे तोंड, पोत्याची गाठ किंवा कोठाराचे दार ओल्या मातीने लिंपून त्यावर मुद्रा उमटविली की ती माती फोडल्याशिवाय आतील वस्तूला हात लावता येत नाही, आणि फोडली की ते लपत नाही. ही युक्ती लेखनकलेहून फार जुनी आहे. सीरियातील तेल साबी अब्याद येथे इ.स.पू. ६००० च्या सुमारास आगीत सापडलेल्या एका वस्तीत असे शेकडो ठसे मिळाले आहेत. त्या काळी जगात कोठेही लिपी नव्हती. पुढे इ.स.पू. चौथ्या सहस्रकात मेसोपोटेमियातील लोकांनी दाबण्याच्या मुद्रेऐवजी मातीवर लाटण्यासारखी फिरवावयाची दंडगोल मुद्रा स्वीकारली. सिंधूच्या खोऱ्यातील लोकांनी मात्र चौरस, दाबावयाचीच मुद्रा राखली.

या मुद्रांचा आधुनिक काळातील शोध बौद्ध स्थळांच्या शोधातूनच लागला आहे. सांची आणि सारनाथ उजेडात आणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते अलेक्झांडर कनिंगहॅम चिनी भिक्षू ह्युएन त्संग यांच्या प्रवासवर्णनातील नगरे हुडकीत पंजाबात फिरत असता हडप्पा येथे गेले होते. तेथील विटांचे ढिगारे लाहोर–मुलतान लोहमार्गाच्या कामी ठेकेदारांनी वाहून नेले होते. उरलेल्या अवशेषांतून मिळालेली एक मुद्रा कनिंगहॅम यांनी १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात छापली. तिच्यावरील बैलाला वशिंड नाही आणि अक्षरे भारतीय वाटत नाहीत, म्हणून ती परदेशी असावी, असा त्यांचा तर्क होता. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे तो विषय तसाच पडून राहिला.

१९२१ साली दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे उत्खनन आरंभिले. त्यानंतर राखालदास बॅनर्जी मोहेंजोदडोच्या उंच टेकाडावरील स्तूप खणू लागले. ते कुषाणकालीन विहाराच्या अपेक्षेने गेले होते आणि त्यांच्या हाती हडप्पासारख्याच मुद्रा आल्या. दोन स्थळांमधील अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक, आणि मुद्रा एकाच घडणीच्या. या साम्यावरूनच जॉन मार्शल यांनी २० सप्टेंबर १९२४ रोजी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातून एका विस्मृत संस्कृतीची वार्ता जगाला दिली. आठवड्याभरात तेथील विद्वानांनी कळविले की, अशा मुद्रा इराणातील सुसा येथेही सापडल्या आहेत. त्यामुळे सिंधू संस्कृतीचा काळ एकदम दोन हजार वर्षे मागे गेला. स्तूप आणि मुद्रा एकाच टेकाडावर मिळाल्या, यावरून त्या एकाच परंपरेच्या असा निष्कर्ष आपल्याकडे कधी कधी काढला जातो. परंतु मुद्रांचा ऐन बहराचा काळ इ.स.पू. २६०० ते १९०० असा आहे, आणि स्तूप रूढ मतानुसार इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. जोव्हान्नी वेरार्दी या इटालियन संशोधकांनी तर ते बांधकाम मुळात स्तूप आहे काय, याविषयीच शंका उपस्थित केली आहे. नव्या वस्तीने जुन्या टेकाडावर बांधावे यात नवल नाही. उंच जागा आणि आयत्या विटा दोन्ही तेथे होत्या.

आता घडणीकडे वळू. बहुतेक मुद्रा संगजिऱ्याच्या आहेत. हा दगड इतका मऊ असतो की नखानेही त्यावर ओरखडा उठतो. करवतीने त्याचे चौकोनी तुकडे पाडीत. एक बाजू सामान्यतः अडीच-तीन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या पेराएवढी. पाठीमागे गाठीसारखा उंचवटा राखून त्यातून आरपार छिद्र पाडीत, म्हणजे दोरा ओवून मुद्रा गळ्यात किंवा कमरेला बांधता येई. दर्शनी बाजू घासून सपाट करून तांब्याच्या टोकदार हत्याराने तीवर चित्र व अक्षरे कोरीत. शेवटी मुद्रेवर क्षारयुक्त लेप देऊन ती भट्टीत भाजीत. त्यामुळे दगड पांढराशुभ्र होई, आणि मुख्य म्हणजे कठीण होई. कोरण्याच्या वेळी मऊ आणि वापराच्या वेळी कठीण, अशा दुहेरी सोयीचा दगड हेरणे हे अनुभवाचे काम आहे. चन्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांना १९३५-३६ साली अर्धवट घडविलेल्या मुद्रा मिळाल्या, त्यांवरून या कृतीच्या पायऱ्या समजतात.

यातील खरे कौशल्य कोणते, तर सर्व काही उलटे कोरणे. मुद्रेवर जे खोलगट ते ठशात उठावदार दिसते, मुद्रेवर जे डावे ते ठशात उजवे होते. दोन-अडीच सेंटिमीटरांच्या जागेत बैलाच्या मानेवरील वळ्या, गेंड्याच्या कातडीच्या घड्या, वाघाचे पट्टे हे सारे कारागीर उलट्या खाचेत कल्पीत होता. भिंगाची मदत त्याला असल्याचा पुरावा नाही. आम्हास या मुद्रांतील सर्वांत थक्क करणारी गोष्ट कोणती वाटते, असे कोणी विचारले तर आम्ही आसनस्थ पुरुषाकडे नव्हे, तर वशिंड असलेल्या बैलाच्या गळ्याखालील पोळीकडे बोट दाखवू.

मुद्रा कोरणाऱ्याचे नाव आज उरलेले नाही. येथे विनयपिटकातील एक स्थळ आठवते. पाचित्तिय विभागातील दुसरे सिक्खापद दुसऱ्याला जातीवरून, नावावरून, कामावरून हिणवून बोलण्यासंबंधी आहे. त्यात कोणती शिल्पे लोक हीन मानतात व कोणती श्रेष्ठ, याची यादी आली आहे. बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार आणि न्हावी यांची शिल्पे हीन. 'मुद्दा', 'गणना' आणि 'लेखा' ही श्रेष्ठ. अट्ठकथाकार 'मुद्दा' म्हणजे हाताच्या बोटांवरील हिशेब असा अर्थ करतात, काही आधुनिक भाषांतरकार मुद्राविद्या असा करतात. (आजच्या मराठीतील 'मुद्दा' हा अरबीतून आलेला वेगळाच शब्द आहे.) अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे: हिशेब ठेवणारा आणि लिहिणारा वर, हाताने वस्तू घडविणारा खाली, अशी उतरंड त्या काळच्या समाजात होती. पाली पाठ ही उतरंड त्या त्या जनपदातील लोकांच्या समजुतीवर सोडतो, वस्तुस्वभावाचा भाग मानीत नाही, आणि तिच्या आधारे कोणाला टोचून बोलणाऱ्या भिक्षूला दोषी ठरवितो. सिंधूच्या नगरांत मुद्रा वापरणारा आणि मुद्रा कोरणारा यांच्यातील अंतर किती होते, हे सांगणारा असा पाठ नाही. एवढेच दिसते की, आज संग्रहालयात जे टिकून आहे ते हाताने घडविणाऱ्याचे काम आहे.

मुद्रांचा वापर कसा होत असे, याचे उत्तर चित्रांपेक्षा ठशांच्या पाठीवरून अधिक निश्चितपणे मिळते. गुजरातमधील लोथल येथे शि. रं. राव यांच्या उत्खननात एका जळालेल्या कोठाराच्या जागी साठाहून अधिक मातीचे ठसे मिळाले. आगीत माती भाजली गेली म्हणून ते टिकले. पुढील बाजूस मुद्रेची छाप, आणि मागील बाजूस चटई, विणलेले कापड आणि पिळाच्या दोरीच्या खुणा. म्हणजे हे ठसे बांधलेल्या गाठोड्यांवर होते. मेसोपोटेमियातील उम्मा येथून आलेल्या सिंधू मुद्रेच्या एका ठशाच्या मागेही कापडाची वीण उमटलेली आहे. तो माल समुद्रमार्गे इतका दूर गेला होता. उर येथे मिळालेल्या भारतीय धाटणीच्या मुद्रांवर सी. जे. गॅड यांनी १९३२ साली निबंध लिहिला. अक्कदचा राजा सारगॉन आपल्या लेखात मेलुहाची गलबते आपल्या धक्क्याला लागल्याचे अभिमानाने सांगतो, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अक्कदकालीन एक दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावरील क्यूनिफॉर्म लेखानुसार तिचा मालक शू-इलिशू हा मेलुहाच्या भाषेचा दुभाषी होता. ज्या भाषेचा एक शब्दही आज निश्चितपणे वाचता येत नाही, ती जाणणाऱ्या आणि त्यावर पोट भरणाऱ्या माणसाचे नाव मात्र दुसऱ्या लिपीत शिल्लक आहे. भाषेचा व्यवसाय करणाऱ्या आम्हा लोकांना या मुद्रेचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

लिपीविषयी जे निश्चित आहे ते थोडे आहे. लेखयुक्त वस्तूंची संख्या आज चार हजारांहून अधिक भरते. परंतु सरासरी लेख पाच चिन्हांचा; एका पृष्ठभागावरील सर्वांत लांब लेख सतरा चिन्हांचा आहे. इरावतम महादेवन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत ४१७ चिन्हे धरली आहेत. लेखन उजवीकडून डावीकडे होते, हे बी. बी. लाल यांनी कालीबंगन येथील खापरावर एक चिन्ह दुसऱ्यावर कसे चढले आहे हे तपासून दाखविले. ठशांतही डाव्या टोकाला जागा अपुरी पडून चिन्हे दाटीने बसविलेली दिसतात. भाषा द्राविड कुलातील असावी, असे महादेवन आणि फिनलंडचे आस्को पार्पोला मानतात. उलट २००४ साली तिघा अभ्यासकांनी ही भाषालेखन करणारी लिपीच नव्हे, असे मत मांडले. दोन भाषांतील एकच मजकूर असलेला लेख मिळाल्याशिवाय हा वाद मिटणे कठीण आहे. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी उलगड्यासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. त्यामुळे उलगडा केल्याचे दावे वाढतील. पुरावा मात्र आहे तेवढाच राहील.

न वाचलेल्या लिपीवर आपल्याला हवे ते लादण्याचा मोह किती टोकाला जातो, याचे उदाहरण २००० साली दिसले. सिंधू मुद्रांची भाषा वैदिक ठरविणाऱ्या एका ग्रंथात 'अश्वमुद्रा' म्हणून एक चित्र छापले होते. मायकेल विट्झेल आणि स्टीव्ह फार्मर यांनी 'फ्रंटलाइन' या पाक्षिकात दाखवून दिले की, ती एका भंगलेल्या मुद्रेची छाप असून मूळ प्राणी एकशिंगी बैलासारखा आहे. संगणकाच्या साहाय्याने तयार केलेल्या चित्रात त्याचा घोडा झाला होता. मुद्रांवर घोडा नाही, आणि ऋग्वेदात तो पदोपदी आहे, ही अडचण होती. ती अशा रीतीने दूर करण्याचा तो खटाटोप होता. त्यावर आपल्या नियतकालिकांतूनही योग्य टीका झाली. परंतु त्याच कसोटीवर आपलेही म्हणणे घासून पाहावे लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धान्त तपासला, तो ऋग्वेदातील शब्द एकेक करून पुढे मांडून. निष्कर्ष आपल्याला सोयीचा आहे की नाही, हा प्रश्न तेथे पुरावा म्हणून येत नाही.

आता त्या प्रसिद्ध मुद्रेकडे पाहू. मॅके यांच्या यादीत तिचा क्रमांक ४२० आहे. ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून तिची बाजू जेमतेम साडेतीन सेंटिमीटर आहे. चौरंगासारख्या आसनावर टाचा जुळवून बसलेला पुरुष, हातभर कडी, मस्तकी दोन मोठी शिंगे, भोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा, आसनाखाली हरणासारखे दोन प्राणी. मार्शल यांनी १९३१ साली या आकृतीला शिवाचे आदिरूप म्हटले: तीन मुखे, योगासन, पशूंचा स्वामी. हे नाव पाठ्यपुस्तकांतून आजही चालू आहे. परंतु डोरिस श्रीनिवासन यांनी १९७० च्या दशकात दाखविले की, बाजूची 'मुखे' वस्तुतः पशूचे कान असू शकतात आणि एकंदर चेहरा बैल किंवा रेड्याच्या जातीचा आहे. आल्फ हिल्टेबाइटेल यांनी शिंगे रेड्याची असल्याकडे लक्ष वेधून आकृतीचा संबंध महिषाशी जोडला. शिवाय वैदिक रुद्राच्या रक्षणाखालील 'पशू' म्हणजे गोठ्यातील जनावरे. वाघ आणि गेंडा त्यांत बसत नाहीत.

आसनाखालील हरणांवरून बुद्धाचे स्मरण होणे साहजिक आहे. खुद्द मार्शल यांनीच इसिपतनच्या मृगदायातील पहिल्या धम्मदेशनेच्या मूर्तींत आसनाखाली येणाऱ्या हरणांची तुलना केली होती. परंतु त्या मूर्ती इसवी सनानंतरच्या आहेत. मधल्या दोन हजार वर्षांत आसनाखाली हरणे असलेल्या आकृतीची एकही कडी मिळत नाही. भरहुत आणि सांची येथील आरंभीच्या शिल्पांत तर तथागतांची मानवी आकृतीच नाही. तेथे बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, रिकामे आसन आहे. म्हणजे बुद्धाची बैठी मूर्ती ही बौद्ध कलेतच उशिरा आलेली गोष्ट आहे. शिंगे आणि हातभर अलंकार धारण करणारी आकृती तिचे पूर्वरूप ठरविणे, हे कलेच्या या क्रमाशी जुळत नाही.

पिंपळाची मुद्रा अधिक विचार करावयास लावणारी आहे. मोहेंजोदडोच्या या मुद्रेवर पिंपळपानांच्या कमानीत शिंगे धारण केलेली आकृती उभी आहे, तिच्यासमोर गुडघे टेकलेली दुसरी, तिच्यामागे मोठा बोकड, आणि खालच्या ओळीत लांब वेण्या असलेल्या सात आकृती. पिंपळाचे पान सिंधूच्या मृद्भांड्यांवर आणि लिपिचिन्हांतही येते. तेव्हा अस्सत्थ वृक्षाविषयीचा आदर या भूमीत वेदांहून आणि बुद्धाहूनही जुना आहे, एवढे म्हणावयास हरकत नाही. परंतु सात आकृती म्हणजे विपस्सीपासून गोतमापर्यंतचे सात बुद्ध, हे मत दीघनिकायाच्या महापदान सुत्तापुढे टिकत नाही. त्या सुत्तात प्रत्येक बुद्धाचा बोधिवृक्ष वेगळा सांगितला आहे: विपस्सीचा पाटली, सिखीचा पुण्डरीक, वेस्सभूचा साल, ककुसन्धाचा सिरीस, कोणागमनाचा उदुम्बर, कस्सपाचा निग्रोध, आणि अस्सत्थ फक्त गोतमाचा. सातांना एकाच पिंपळाखाली उभे करणारी मुद्रा या परंपरेशी विसंगत ठरते. शिवाय त्या सात आकृतींत ध्यानमुद्रा, चीवर किंवा भिक्षापात्र यांपैकी काहीच नाही. पूर्वबुद्धांच्या पूजेचा शिलालेखी पुरावा मिळतो तो इ.स.पू. तिसऱ्या शतकातील, नेपाळातील निगली सागर येथील स्तंभावर सम्राट अशोकाने कोणागमन बुद्धाचा स्तूप दुपटीने वाढविल्याची नोंद आहे. मुद्रेपासून या स्तंभापर्यंत किमान सोळाशे वर्षांचे अंतर आहे.

आपल्या महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध दायमाबाद येथे येतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या स्थळी सु. अ. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात केलेल्या उत्खननात उत्तर हडप्पा काळाच्या थरात सिंधू चिन्हे असलेल्या मातीच्या बटनाकृती मुद्रा मिळाल्या. तेथेच १९७४ साली शेतकऱ्यांना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार भरीव धातुशिल्पे सापडली होती. त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक आहे. त्यांपैकी हत्ती, गेंडा आणि रेडा हे ४२० क्रमांकाच्या मुद्रेवरही आहेत, हे साम्य लक्षणीय आहे. पण धातुशिल्पांच्या काळाविषयी मतभेद असल्याने त्यावर फार भार देता येत नाही.

इ.स.पू. १९०० नंतर सिंधूची मोठी नगरे ओस पडू लागली, दूरचा व्यापार थांबला, आणि त्याबरोबर दगडी मुद्राही नाहीशा झाल्या. लिपीही त्यांच्याबरोबरच गेली. ती प्रामुख्याने पूजेसाठी असती, तर नगरे मोडल्यावरही खेड्यांतून कोठेतरी टिकली असती, असे आम्हास वाटते. गाठोडे बांधणारा, मोजणारा आणि नेणारा नाहीसा झाला, तेव्हा त्यावर शिक्का मारण्याचे कारणही उरले नाही.

बौद्धांच्या स्वतःच्या मुद्रा पुढे विपुल मिळतात, आणि त्या वाचता येतात. नालंदा महाविहाराच्या आर्य भिक्षुसंघाचे ठसे धम्मचक्र आणि दोन हरणे या चिन्हांसह मिळाले आहेत. उत्तर प्रदेशातील पिप्राहवा येथे के. एम. श्रीवास्तव यांच्या १९७० च्या दशकातील उत्खननात विहाराच्या अवशेषांतून भाजक्या मातीचे अनेक ठसे निघाले. त्यांवर कुषाणकालीन ब्राह्मीत देवपुत्र विहार आणि कपिलवस्तूचा भिक्खुसंघ यांचा उल्लेख आहे. त्यांच्या आधारे पिप्राहवा व शेजारचे गनवरिया हेच शाक्यांचे कपिलवस्तू, असे श्रीवास्तव यांनी प्रतिपादिले. नेपाळमधील तिलौराकोटचे समर्थक ते मानीत नाहीत. त्यांच्या बाजूने असे म्हणता येते की, हे ठसे विहाराचे आहेत, नगराचे नव्हेत. आणि कपिलवस्तूच्या संघाचे नाव धारण करणारा विहार नगरापासून काही अंतरावरही असू शकतो. दोन्ही स्थळांमधील अंतर तीस किलोमीटरांच्याही आत आहे, आणि तिलौराकोटचे उत्खनन अलीकडच्या काळातही झाले आहे.